सुभेदारीणबाईंची ट्रंक

(सोसायटीचा ग्रुप, लातूर. नोव्हेंबरातला रविवार, रात्रीची जेवणं झाल्यावर)

सचिव, ए-१०२: नमस्कार मंडळी. परवा बी-४०२ च्या सुभेदारीणबाईंचा तेरावा. कमिटीचा विचार असा, की गेटजवळ बाईंच्या नावाचा ग्रॅनाइटचा बाक बसवावा. फ्लॅटमागे ५०० रुपये. हरकत असेल तर आजच बोला, नंतर कुरकुर नको.

ए-२०३: उन्हाळ्यात त्या बाकावर कोण बसणार? पापड भाजतील.

डी-१०१: लिफ्टचे पैसे दिले त्याचा हिशेब अजून आला नाही.

सचिव, ए-१०२: विषय काय, तुम्ही बोलताय काय.

बी-४०१: आमचं दार बाईंच्या दारासमोर, म्हणून जरा लांबण लावतो. आता सगळे "प्रेमळ होत्या" म्हणतील. प्रेमळ वगैरे नव्हत्या हो. माझी गाडी रेषेबाहेर असते म्हणून भर मीटिंगमध्ये मला उभं केलं होतं, चौथीतल्या पोरासारखं. पण २०१६ आठवा. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. साऱ्या देशानं ते टीव्हीवर बघितलं, आणि आपण इथं टँकरच्या पाइपावरून एकमेकांच्या गचांड्या धरत होतो. तिसऱ्या दिवशी बाई वही घेऊन खाली आल्या. आधी बाळंतिणीचं घर, मग म्हातारी माणसं, मग बाकीचे. घागरी मोजून. सचिवसाहेब, तुमचा नंबर ३१ होता.

सचिव, ए-१०२: ३३. तुमचा ३१.

ए-२०३: उद्या मोटार किती वाजता सुटणार?

सचिव, ए-१०२: सहाला. इथं नका विचारू.

सी-३०४: मी औसा तालुक्यातला, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसेल. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. रात्री गणपती बुडवून येऊन झोपलो होतो, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी घर अंगावर आलं. आमच्याकडं माळवदाची घरं, दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती. त्या भिंतींनीच माणसं गाडली. मी नऊ वर्षांचा होतो. मिलिटरी आली. जवान कुठले कुठले, कुणाला मराठी येत नव्हतं. आमची आजी ढिगाऱ्याकडं बोट दाखवून एकसारखी बोलत होती आणि तो जवान नुसता "अम्मा, अम्मा" करत होता. बाई आणि सुभेदारसाहेब त्याच साली पेन्शनवर गावी आलेले. बाई मधे उभ्या राहिल्या. आजीचं ऐकून त्याला हिंदीत सांगायच्या, कुठं खोली होती, कुठं चूल, कोण कुठं झोपलं होतं. त्यावरून ते लोक खणायचे. माझी बहीण तशी निघाली. जिवंत. आज दोन लेकरांची आई आहे.

पुढं पत्र्याच्या शेडमध्ये बाईंनी आम्हाला शिकवलं. नेमणूक नाही, पगार नाही. महिनाभर पाढे घेतले, कविता घेतल्या, हजेरी मात्र घेतली नाही. का घेतली नाही, ते मी स्वतः मास्तर झालो तेव्हा कळलं.

सी-३०१: हे आज पहिल्यांदा वाचतेय, भाऊ.

बी-४०२ सुभेदारीणबाई: घाबरू नका. मी बाईंची लेक. आईचाच फोन आहे, ग्रुपवर तोच नंबर आहे म्हणून यावरून लिहितेय.

डी-१०१: ताई, छातीत धस्स झालं की.

बी-४०२ सुभेदारीणबाई: बाबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. २८ वर्षांच्या नोकरीत आम्ही सात गावं फिरलो, आणि बाबा फील्डला गेले की फॅमिली क्वार्टरमध्ये आई आणि आम्ही दोघं भावंडं. बीएड तिनं जबलपूरला केलं, मी तेव्हा तिसरीत होते. १९६३ ला केंद्रीय विद्यालयं निघाली ती बदलीवाल्यांच्या लेकरांचं शिक्षण तुटू नये म्हणून. बदलीवाल्याच्या बायकोनं नोकरी कशी करायची, याचा विचार कोण करणार? दर गावाला नवा अर्ज, नवी हंगामी नेमणूक, शाळेचं वर्ष संपलं की तीही संपली. सलग सेवा नाही, म्हणून शिक्षिकेची पेन्शन तिला मिळालीच नाही. शेवटपर्यंत बाबांच्या फॅमिली पेन्शनवर राहिली. कुणी "तुमची पेन्शन" म्हणालं की लगेच "यांची" म्हणायची.

खरं सांगू का, लहानपणी मला तिचा राग यायचा. शेजारच्या क्वार्टरमधली पंजाबी, तमिळ लेकरं आमच्या ताटावर. माझ्या दहावीच्या परीक्षेच्या आदल्या रात्री ती घरी नव्हती, एका बाईच्या बाळंतपणाला मिलिटरी हॉस्पिटलला गेली होती. मी तिला ते खूप वर्षं ऐकवलं. ती म्हणायची, तुला ८१ टक्के पडले ना, मग?

सी-३०१: अशाच होत्या त्या.

ए-००१: (आत्याबाई बोलत आहेत, मी सून टाइप करते. जसं बोलतील तसं लिहिते.) मी अन् बाई एका गावच्या. माझे मालक बी फौजेत. पत्ता नुसता फौजेच्या टपालाचा, ५६ एपीओ, मानूस कुठं हाय काय कळायचं नाय. १९७१ च्या लढाईत बाई नव्या नवरी हुत्या, पर सात बुकं शिकलेल्या. गावात फौजीच्या घरचं पत्र आलं की वाचायला त्यांच्याकडं. हाय तेवढंच वाचायच्या, पदरचं गोड काय घालायच्या नाय. मग पुढं एकदा सुट्टीला आल्या तवा म्या म्हनलं, बाई, मालकाला पत्र लिव्हा. तर म्हनल्या, म्या लिव्हनार नाय, तू लिव्ह. दोन म्हैने रोज दुपारी पाटी घेऊन बसवलं. मला लई राग आला. म्हनलं, दोन वळी लिव्हायला हिचा हात झिजतो काय? शेवटाला म्या लिव्हलं, म्हैस याली, रेडकू हाय, आमी बरे हाव. मालकाचं उलट पत्र आलं, हे अक्षर कुनाचं? पोस्टमनला लिव्हायला लावलं का? सुट्टीवर आले तवा समोर बसवून लिव्हून घेतलं माझ्याकडनं. मग पटलं.

बी-४०१: आत्याबाई, ते पत्र आहे का अजून?

ए-००१: हाय की. दावनार नाय.

सचिव, ए-१०२: फार छान आठवणी. पण बाकाचा निर्णय लागायला हवा. ग्रॅनाइटवाला उद्या मापं घ्यायला येतोय.

बी-४०२ सुभेदारीणबाई: काका, बाकाबद्दल मी काही म्हणणार नाही, तुमची आपुलकी आहे. माझ्यापुढं प्रश्न ट्रंकेचा आहे. ती काळी, बाबांचा नंबर, रँक, नाव पांढऱ्या रंगात लिहिलेली. मला वाटलं होतं त्यात साड्या असतील. वरपासून खालपर्यंत फायली निघाल्या. एकही आमच्या घरची नाही. सगळ्या आसपासच्या गावांतल्या फौजींच्या विधवांच्या.

बी-४०१: हो, मंगळवारी दारात चपला असायच्या त्यांच्या. मला वाटायचं भिशी आहे.

बी-४०२ सुभेदारीणबाई: आपल्याकडं लग्नात नाव बदलतात. माहेरी कुसुम, सासरी लक्ष्मी. नवऱ्यानं पलटणीत लग्नाची नोंद करताना एक नाव सांगितलं, आधारवर दुसरं, बँकेत तिसरंच. नवरा आहे तोवर कुणाचं काही अडत नाही. तो गेला की पेन्शन अडते. मग प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीचा दाखला, सैनिक कल्याण कार्यालय, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्रावर पत्र. प्रत्येक फायलीवर आईनं तारखेसह लिहिलंय, काय पाठवलं, काय उत्तर आलं. आणि अर्जावरची सही त्या त्या बाईची आहे. अंगठा एकीचाही नाही.

सी-३०४: ट्रंक पुण्याला नेऊ नका, ताई.

बी-४०२ सुभेदारीणबाई: म्हणूनच विचारतेय. सध्या पेन्शनवाल्यांच्या हयातीच्या दाखल्याचे दिवस आहेत. परवा मंगळवार, ११ वाजता निलंग्याकडच्या एक आजी येणार आहेत. तेराव्याचा दिवस म्हणून त्यांना फोन केला, तर म्हणाल्या, बाईंनी बोलावलंय, मी येणार. जन्मभर खुरपून त्यांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटत नाहीत. मोबाईलवर चेहरा दाखवून करावं लागेल. मी पाहुण्यांत अडकलेली असेन.

डी-१०१: मोबाईलचं मी बघतो. अकराला घरीच आहे.

सी-३०४: मी शाळेतून सुट्टी टाकतो. बाकीच्या फायली लावून घेऊ.

सचिव, ए-१०२: सोसायटीच्या ऑफिसात टेबल मोकळं करून ठेवतो. ग्रॅनाइटवाल्याला तूर्त येऊ नको म्हणून कळवतो.

ए-००१: (आत्याबाई) म्या बी बसते. त्या म्हातारीला कागदावर काय लिव्हलंय ते कुनीतरी वाचून दावाया पायजे ना. हाय तेवढंच वाचंन.

बी-४०२ सुभेदारीणबाई: आत्या, किल्ली लागत नाही. कडी तेवढी गंजलीय, डाव्या बाजूनं ओढा.