वरच्या दाढा ठणकतात, पण कीड नाही. सायनसचा काय संबंध?

मीनल_सातारा
तीन आठवड्यांपूर्वी पडसं झालं. ताप गेला, खोकला गेला आणि डावीकडच्या वरच्या दाढा ठणकायला लागल्या. एक नाही, तिन्ही एकदम. जिना उतरताना पायरीपायरीला दाढेत कळ येते. काल फरशी पुसायला वाकले तर डावा गाल दगडासारखा जड झाला. दातांच्या डॉक्टरांनी ठोकून पाहिलं, थंड लावून पाहिलं, एक्स-रे काढला. म्हणाले, कीड नाही, सायनस दिसतोय, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. शुक्रवारची वेळ मिळाली आहे. तोवर दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. बिघडलंय नाक, मग दाढ का दुखावी? आणि ती पोकळी नाकातच उघडते म्हणतात, तर आतलं आपोआप वाहून का जात नाही?

दत्ता_वाई
ताई, जलनेती करणार असाल तर पाणी उकळून गार केलेलंच घ्या. नळाचं थेट अजिबात नको. बाकीचं जाणकार सांगतील.

प्रतिभा_मिरज
मीनल, मी 31 वर्षं शरीररचनाशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. तुमचे दोन्ही प्रश्न मुलं पहिल्या वर्षाला विचारायची, आणि मी उत्तर द्यायच्या आधी वरच्या जबड्याचं सुटं हाड त्यांच्या हातात द्यायची.

ते हाड आतून पोकळ असतं. उजेडासमोर धरलं की काही ठिकाणी पापडासारखं आरपार दिसतं. ही पोकळी म्हणजे मॅक्सिलरी सायनस, तुमच्या गालामागची. मोठ्या माणसात तिच्यात साधारण 15 मिलिलिटर मावतं, म्हणजे चहाचे तीन चमचे. आत बोट फिरवलं तर पुष्कळ हाडांत तळाला छोटे उंचवटे लागतात. ती दाढांची मुळं. दुसऱ्या दाढेचं मूळ बहुधा सगळ्यात जवळ. मध्ये हाडाचा पातळ पदर, काहींच्यात तोही नाही, नुसतं अस्तर. शिवाय दाढांकडे जाणाऱ्या नसा याच पोकळीच्या भिंतीतून उतरतात. अस्तर सुजलं की त्या नसा चिडतात, आणि मेंदूला कळ दाढेतून आल्यासारखी वाटते. एकच दाढ न दुखता तिन्ही दुखतात, त्याचं कारण हे.

आता दुसरा प्रश्न, माझा फार आवडता. या पोकळीचं तोंड तळाशी नाही. ते नाकाकडच्या भिंतीत अगदी वर, डोळ्याच्या खोबणीच्या जवळ आहे. रांजणाची तोटी काठापाशी बसवावी तसं. सुट्या हाडात हे भोक एवढं मोठं दिसतं की बोट जाईल, पण जिवंत माणसात शेजारची हाडं आणि अस्तर मिळून ते बुजवत आणतात आणि जेमतेम 3-4 मिलिमीटर उरतं. म्हणजे उभ्या माणसाचा शेंबूड चढावर न्यावा लागतो. ते काम अस्तरावरचे सूक्ष्म केस करतात. दिवसरात्र ते एकाच दिशेला, त्या भोकाकडे, ढकलत असतात. पूर्वी तळाशी नवीन भोक पाडून पोकळी रिकामी करायचे. ऑस्ट्रियात ग्राट्स शहरात मेसरक्लिंगर या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून दाखवलं, की खाली वाट करून दिली तरी केस शेंबूड जुन्या भोकाकडेच नेतात. म्हणून आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया ते मूळ दार मोकळं करते.

पडशात दारापाशी सूज येते आणि केसही मंदावतात. झालं, गाल भरला. झोपताना उजव्या कुशीवर झोपून पाहा. मग डावीकडचं दार खालच्या बाजूला येतं.

(नाकात टॉर्च मारून लाल गोळा दिसला की लोक 'मास वाढलं' म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा ती नाकाच्या बाजूच्या भिंतीवरची खालची वळकटी असते. ती प्रत्येकाला असते, हवा गरम आणि ओली करते.)

एक मात्र सांगते. एकाच बाजूचं दुखणं असेल आणि नाकाला घाण वास येत असेल, तर उलटंही असू शकतं: दाढेच्या मुळाचा पू सायनसमध्ये. साध्या एक्स-रेत ते सुटू शकतं. शुक्रवारी हे विचाराच. आणि डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, मान आखडणं, खूप ताप, यातलं काहीही झालं तर शुक्रवारची वाट पाहू नका.

गणेश_चिपळूण
हाड पातळ असतं ते मी भोगलंय. वरची दाढ काढली आणि दुसऱ्या दिवशी चूळ भरली तर पाणी नाकातून आलं. घाबरून गेलो. नंतर टाके घालून ते भोक बंद केलं.

प्रतिभा_मिरज
गणेश, असंच एका बाईचं इंग्लंडच्या नॅथॅनिएल हायमोर या डॉक्टरांनी 1651 साली लिहून ठेवलंय. दात काढल्यावर राहिलेल्या भोकात तिने पिसाची काडी घातली, ती आत आतच जात राहिली. बाईला वाटलं मेंदूत शिरली. हायमोर यांनी तिला समजावलं, की काडी या पोकळीत गोल फिरतेय. कितीतरी वर्षं या सायनसला त्यांचंच नाव होतं.

मीनल_सातारा
मॅडम, काल रात्री उजव्या कुशीवर झोपले. पहाटे तीनच्या सुमाराला घशात काहीतरी उतरल्यासारखं झालं, खारट. उठून थुंकले, पिवळं होतं. गाल हलका झालाय, जिना उतरताना कळ आहेच. वास येतो का ते घरच्यांना विचारलं, नाही म्हणाले. शुक्रवारी दाढेच्या मुळाचं नक्की विचारते.