चौपट प्रकाश, पण तीक्ष्णता त्याहून कितीतरी जास्त

प्रश्न असा की चार दुर्बिणींचा प्रकाश एकत्र केला म्हणजे चौपट मोठी दुर्बीण झाली का? प्रकाश चौपटच मिळतो. पण बारकावा आरशावर नाही, दुर्बिणींमधल्या अंतरावर ठरतो. चिलीत पारानाल वेधशाळेत ८.२ मीटर आरशांच्या चार दुर्बिणी आहेत, आणि टोकाच्या दोघींत सुमारे १३० मीटर अंतर. म्हणजे एकटीपेक्षा जवळपास सोळापट बारीक दिसतं!

खरी मेख पुढे आहे. तारा तिरका असला की एका दुर्बिणीत प्रकाश आधी पोचतो. त्या प्रकाशाला जमिनीखालच्या बोगद्यात रुळांवर सरकणाऱ्या आरशांवरून लांबचा फेरा घ्यायला लावतात, म्हणजे सगळ्यांचा प्रकाश एकाच वेळी येऊन मिसळतो. गंगापूर धरणावर दोन दगड टाकून लाटा एकमेकींत मिसळताना बघा, तसंच. फक्त इथे मायक्रॉनचीही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचीही) चूक चालत नाही.

२०१९ मध्ये तिथल्या, चारही दुर्बिणींचा प्रकाश एकत्र करणाऱ्या ‘ग्रॅव्हिटी’ उपकरणाने एचआर ८७९९ ई हा ग्रह असाच थेट टिपला, सुमारे १२९ प्रकाशवर्षांवरचा. तो तरुण, अजून तापलेला वायुग्रह. पृथ्वीसारखा थंड, छोटा ग्रह अजून या पद्धतीच्या आवाक्यात नाही.

(आम्ही मात्र नाशिकच्या त्र्यंबक रोडच्या दिव्यांच्या झगमगाटातून शनीची कडी शोधतोय.)