मदत हवी आहे: सीपीयूकोटा लावला की सर्व्हिस अडखळते

डेबियन 12, 4 कोर, सीग्रुप व्ही2 (प्रोसेसचे गट करून त्यांचा सीपीयू वगैरे वाटून देणारी कर्नलची सोय). थंबनेल बनवणारी सर्व्हिस 4 थ्रेडवर चालते आणि शेजारच्या वेबसर्व्हरला जागाच ठेवत नाही. म्हणून सिस्टमडीच्या ‘सिस्टमसीटीएल एडिट’ने सर्व्हिस विभागात सीपीयूकोटा=50%, म्हणजे सीपीयू-वेळेची कमाल मर्यादा, घातलं. (हे टक्के एका कोरचे, सगळ्या मशीनचे नव्हेत. चारही कोर पूर्ण द्यायचे तर 400% लागतात.)

सरासरी वापर आटोक्यात आला, पण तिच्या हेल्थ-चेकचं (सर्व्हिस जिवंत आहे का या तपासणीचं) उत्तर मधूनच उशिरा येतं. सीग्रुपच्या सीपीयू.स्टॅट फाइलमध्ये एनआर_थ्रॉटल्ड (कोटा संपून किती कालावधींत रोखलं गेलं तो आकडा) भराभर वाढतो. कारण उघड आहे: 100 मिलिसेकंदांच्या कालावधीत 50 मिळतात, चार थ्रेड ते 12.5 मध्येच संपवतात आणि उरलेले 87.5 मिलिसेकंद सगळे ठप्प.

सीपीयूकोटापीरियडसेक=10एमएस (कोट्याचा कालावधी 10 मिलिसेकंद) केल्यावर थांबे छोटे झाले, थ्रॉटलिंग मात्र तेवढंच. नाइस=19 (प्रोसेसचा सर्वांत कमी अग्रक्रम) मुळे फरक पडला नाही; पडणारही नव्हता, कारण दोन्ही सर्व्हिसचे सीग्रुप वेगळे आणि नाइस आपापल्या सीग्रुपपुरतंच मोजलं जातं.

कोटा काढून थंबनेलला सीपीयूवेट=20 (सीपीयूतला सापेक्ष वाटा) द्यावं, वेबसर्व्हर मूळच्या 100 वर ठेवावा, असं वाटतंय. दोन्ही सिस्टम.स्लाइसमध्येच (एकाच मूळ सीग्रुपखाली) आहेत, त्यामुळे तुलना थेट होईल. पण वेट फक्त ओढाताण असतानाच लागू होतं, आणि मला एक कोर कायम मोकळा हवाय. सोबत अलाउडसीपीयूज=0-2 (थंबनेलला फक्त 0 ते 2 हे कोर) लावणं पुरेसं आहे का?

की कोटा ठेवून सीपीयू.मॅक्स.बर्स्ट (आधीचा न वापरलेला कोटा साठवून नंतर वापरू देणारी सीग्रुपची फाइल) वापरावं? त्यात हाताने लिहिलेला आकडा रीस्टार्टनंतर पुसला जातो. एक्झेकस्टार्टपोस्टमधून (सर्व्हिस सुरू झाल्यावर चालणाऱ्या कमांडमधून) लिहिणं कुणी प्रॉडक्शनवर चालवतंय का?