मदत हवी आहे: गुहेतला पारवा माणसानं खाल्ला की घुबडानं, हे कसं ठरवतात?

नमस्कार मंडळी,
मी पक्षीनिरीक्षणातला, पुरातत्त्वातला नव्हे. आमच्या पक्षिमित्र मंडळाच्या भित्तिपत्रकासाठी जिब्राल्टरच्या गोरहॅम गुहेवर लिहितोय. तिथं ६७,००० ते २८,००० वर्षांपूर्वीच्या थरांत पारव्यांची हाडं मिळाली. २०१४ साली पुरातत्त्वज्ञ रूथ ब्लास्को आणि सहकाऱ्यांनी त्यातली १,७२४ हाडं तपासून निअँडरथल (आपल्या जवळचे, आता नामशेष झालेले आदिमानव) पारवे खात असल्याचं मांडलं.

माझं घोडं इथंच अडलंय. पारवा राहतोच कडेकपारीत. म्हातारा होऊन मेला तरी हाडं गुहेतच पडणार. घुबडांनी आणलेली वेगळीच. कापल्याच्या खुणा तर अवघ्या २८ हाडांवर! जळकी हाडं बरीच आहेत म्हणे, पण जुन्या हाडांवर नंतर कुणी शेकोटी पेटवली तरी ती जळतीलच ना?

आणखी एक. आपल्या जळगाव जिल्ह्यात पाटणे इथल्या अश्मयुगीन स्थळी शहामृगाच्या अंड्यांची कवचं सापडलीत, एकावर कोरीव रेघाही आहेत. ती आहारात धरू का?

प्रतिसाद १
२८ वर जाऊ नका. एवढ्याशा पक्ष्याला दगडी पातं हवंच कशाला? पंख कोपरातून उलटा पिरगाळला की हातात येतो. मात्र तसं करताना दंडाच्या हाडाला कोपराजवळ भोक पडतं, कधी पापुद्रा निघतो. स्पेनमधल्या बोलोमोर गुहेत बदकांच्या हाडांवर अशा खुणा आहेत. माणसाच्या दातांचे व्रणही शोधतात. घुबडानं गिळून ओकलेलं हाड पोटातल्या आम्लानं झिजतं, ते भिंगाखाली ओळखू येतं.

शेकोटीची शंका रास्त आहे. म्हणून हाड किती जळलं यापेक्षा कुठं जळलं ते बघा. मांसासकट भाजलं तर उघडी टोकं करपतात, मधला भाग वाचतो. अख्खं हाड सारखंच काळं असेल तर ते शेकोटीत फेकलेलं खरकटंही असेल, किंवा तुम्ही म्हणता तसंही.

पाटण्याबद्दल जपून लिहा. रिकामं कवच उचलून आणूनही मणी करता येतात. अंडं खाल्लं असेलही, पण कोरीव रेघा त्याचा पुरावा नव्हेत.

धागाकर्ता
आभार! पाटण्याच्या चौकटीत फक्त 'कवचाचा वापर' लिहितो. कोपराजवळचं ते भोक दाखवणारं साधं रेखाचित्र आहे का कुणाकडे? नसेल तर रविवारी कोंबडीचा पंख पिरगाळून मीच काढतो, फक्त भोक नेमकं कोणत्या बाजूला पाहायचं ते सांगा.