श्रावणात आईला घेऊन अंजनेरी चढावे का?

गोदाकाठ:
नमस्कार. आम्ही अकरा वर्षांपासून नाशिकमध्ये इंदिरानगरला राहतो. त्र्यंबकेश्वरला जाताना अंजनेरीचा डोंगर डाव्या हाताला दिसतो, पण वर जाण्याचा योग आजवर आला नाही. यंदा आईने अंजनीमातेच्या दर्शनाची इच्छा बोलून दाखवली आहे. तिचे वय 67 आहे. दोन वर्षांपूर्वी ती सप्तशृंगगडाच्या पायऱ्या थांबत थांबत चढली होती. चढताना त्रास होत नाही, मात्र उतरताना गुडघे दुखतात. बरोबर पाचवीत शिकणारा मुलगा असेल. श्रावणातला एखादा रविवार धरून निघावे असा विचार आहे, तो योग्य ठरेल का? अंजनेरीवर एक दुर्मीळ फूल उमलते असे वाचले आहे. मुलाला ते दाखवायचे आहे, तर ते नेमके कोठे पाहायला मिळेल, हेही कोणी सांगितल्यास बरे होईल.

सातपूरकर:
आपल्या आईंची इच्छा जरूर पूर्ण करावी, परंतु श्रावणातला रविवार मात्र टाळावा, असे मी आग्रहाने सांगेन. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते आणि तिच्यासाठी आदल्या दिवसापासूनच त्र्यंबक रस्त्यावर भाविकांची रीघ लागते. इतर रविवारीही पावसाळी पर्यटकांची गर्दी असतेच. गर्दीपेक्षा मोठी अडचण पाण्याची आहे. अंजनेरीची वाट दोन कड्यांमधल्या घळीतून पायऱ्यांनी वर जाते, आणि वर सड्यावर, म्हणजे सपाट कातळाच्या पठारावर, जोराचा पाऊस झाला की ते सगळे पाणी याच घळीत उतरते. नाशिकात नुसती भुरभुर असली तरी त्र्यंबकच्या डोंगरांत धो धो कोसळत असू शकते, त्यामुळे घरातून आभाळ पाहून अंदाज बांधू नये. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये मी आणि माझे मेहुणे सड्यावरून परत निघालो, तेव्हा ज्या पायऱ्या सकाळी ओल्या होत्या त्यांवरून घोट्याच्या वर पाणी धावत होते आणि पायरीची कड कुठे संपते तेच दिसत नव्हते. आम्ही कड्याला पाठ टेकवून दीड तास उभे राहिलो. उतरताना गुडघे दुखणाऱ्या माणसावर अशी वेळ येऊ देऊ नये.

नवरात्र उलटल्यावर, पाऊस थांबून पायऱ्या कोरड्या झाल्या की आईंना न्यावे, तेही मधल्या वारी आणि सकाळी लवकर. नाशिकहून अंजनेरी गाव साधारण 20 किलोमीटर आहे. गावातून सुळक्यांच्या बाजूने वर जाणारा कच्चा रस्ता आहे, पण तो आणि वाहने पुढे सोडतात की नाही हे गावात विचारूनच पुढे जावे. घळीतल्या पायऱ्या चढताना कातळात कोरलेली जैन लेणी लागतात. तिथे बसून विश्रांती घेता येते. सड्यावर पोहोचल्यावर अंजनीमातेचे पहिले मंदिर येते. आईंनी तिथपर्यंत जाऊन दर्शन घेतले तरी पुरे आहे, कारण पुढे तळे आणि सीतागुंफेवरून बालेकिल्ल्याच्या माथ्यावर जाणारी वाट पुन्हा खडी चढणीची आहे. पिशवीत खाऊ उघडा ठेवू नये, माकडे हिसकावून घेतात. आणि ऐन वेळी आईंना चढणे नकोसे वाटले, तर गावातले जुन्या मंदिरांचे अवशेष अवश्य दाखवावेत. त्यातल्या एका जैन मंदिरात यादवकाळातला, बाराव्या शतकातला शिलालेख आहे.

कातळसडा:
सातपूरकरांशी मी सहमत आहे. फुलाविषयी तेवढे लिहितो. आपण ज्याबद्दल वाचले ते कंदीलपुष्पाच्या कुळातले असावे. त्यातल्या एका जातीला शास्त्रज्ञांनी अंजनेरीवरूनच ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ असे नाव दिले आहे. पावसाळ्यात गवताच्या पात्यांत ते इतके मिसळून जाते की दोन हातांवर असूनही दिसत नाही. कंदिलासारख्या या फुलाच्या नळीत आतल्या बाजूला खाली वळलेले केस असतात. वासाने ओढली गेलेली बारीक माशी आत घसरते, पण केसांमुळे तिला वर येता येत नाही. पुढे ते केस सुकतात, तेव्हा ती परागकण घेऊन बाहेर पडते आणि दुसऱ्या फुलाकडे जाते. आपल्या मुलाला हे ऐकायला नक्की आवडेल.

मात्र ते नेमके कोठे उमलते, हे मी येथे लिहिणार नाही, त्याबद्दल राग मानू नये. पूर्वी आम्ही पाच-सहा जण कॅमेरे घेऊन एका झाडाभोवती अक्षरशः पालथे पडलो होतो. आठवड्याने मी पुन्हा गेलो तेव्हा ताटाएवढ्या जागेतले गवत, तेरडा आणि आमच्या हाती न लागलेले दुसरे एक रोप, सारे चिखलात लोळवले गेले होते. आमच्यामागून आणखी कितीतरी जण तिथे येऊन गेले असावेत, कारण ठिकाण आम्हीच सगळ्यांना सांगितले होते. सड्यावर कातळावर मातीचा थर जेमतेम वीतभर असतो, काही ठिकाणी तेवढाही नसतो. या वनस्पतीचा कंद उन्हाळाभर त्याच मातीत जीव धरून राहतो. पायाखाली ती माती दाबली गेली किंवा वाहून गेली, की पुढच्या पावसात उगवायला काही उरत नाही. हा भाग 2017 मध्ये संवर्धन राखीव म्हणून घोषित झाला, त्यामागे ही झाडे आणि गिधाडे दोन्हींचा विचार आहे. मुलाला न्यायचेच असेल तर सप्टेंबरच्या अखेरीस, उघडीप पाहून, आईंशिवाय न्यावे आणि मळलेल्या वाटेवरून पाऊल खाली ठेवू नये. वाटेच्या कडेलाच सोनकी, तेरडा आणि ओल्या कातळावर सीतेची आसवे भरपूर दिसतात. तिथे मांडी घालून बसले तरी सकाळ पुरत नाही.

पेठरोड:
वर गिधाडांचा उल्लेख आला आहे. आईंना आपण हिवाळ्यात नेणार असाल तर ती त्यांच्या विणीची वेळ असते. लांब चोचीची गिधाडे कड्याच्या कपारीत वर्षाला एकच अंडे घालतात. कड्यावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की त्यांच्या वरची कपार दुर्बिणीतून पाहावी. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे, अशी मेलेली गुरे खाऊन, ही जात जवळजवळ संपली होती. जनावरांसाठीच्या त्या औषधावर 2006 मध्ये बंदी आली, तरी संख्या अजून भरून निघालेली नाही. म्हणून कड्याच्या समोर हाका मारणे, गाणी लावणे, ड्रोन उडवणे हे कृपया होऊ देऊ नये. शांत बसल्यास ती डोळ्यांच्या पातळीवरून तरंगत जातात, आणि पंखांतून वारा निघाल्याचा आवाजही ऐकू येतो.

गोदाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. फुलाचे ठिकाण न सांगण्यामागचे कारण मुलाला वाचून दाखवले. त्याने ते दोनदा वाचायला लावले. आईला आता मार्गशीर्षात, गुरुवार सोडून मधल्या वारी नेण्याचे ठरले आहे, कारण गुरुवारी तिचा उपवास असतो. मुलाला सप्टेंबरच्या अखेरीस मी एकटीच नेईन. वर पिण्याचे पाणी मिळते का, एवढेच विचारायचे राहिले.

सातपूरकर:
वरचे तळे आहे, पण ते पाणी पिऊ नये. प्रत्येकी दोन लिटर खालूनच न्यावे, आणि आईंच्या वाट्याचे पाणी मुलाच्या पाठीवर न देता आपण घ्यावे.