माळ्यावरचा सीलबंद डबा

(ग्रुप: पाचोरा वाडा आणि मंडळी)

किरण: (फोटो)
माळा आवरतोय. हे बघा काय निघालं. अण्णांचा कॅस्ट्रॉल जीटीएक्सचा पाच लिटरचा डबा. वरच्या पोत्याचा उंदरांनी भुगा केलाय, डब्याचं सील मात्र जसंच्या तसं.

विद्याताई: अगं बाई! डबा बघूनच मला फियाटच्या डिकीचा वास आला.

संजयदादा: भरलेला? नीट हलवून बघ. अण्णांनी भरलेला डबा पडू दिला हे काही मला पटत नाही. रिकामा झालेला डबासुद्धा रात्रभर पालथा घालून निथळवायचे. ते दोन चमचे ऑइल कुलपांना आणि झोपाळ्याच्या कड्यांना.

किरण: गच्च भरलाय दादा. माझ्या गाडीची सर्व्हिसिंग आलीच आहे. टाकून देऊ का? पाच लिटर फुकटात.

सई: किरणकाका, नाही!!

सई: फोटो मोठा करून बघा, डब्यावर एपीआय एसएफ लिहिलंय. एपीआय ही ऑइलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन संस्था, एसएफ हा तिचा १९८० सालचा दर्जा. त्यानंतर एसजी, एसजे, एसएल असं करत २०२० मध्ये एसपी आला. शिवाय घट्टपणाचा आकडा २०-५०. तुमच्या गाडीच्या पुस्तकात ०-१६ आहे, पार पातळ. नव्या इंजिनातल्या वाटा बारीक असतात, सकाळी थंड असताना हे घट्ट ऑइल वर चढायलाच वेळ लावेल.

सुभाषकाका: आमना टाइमले असं काहीच नई व्हतं. सर्वो ऑइल टाका आनि निंघा. मोठाभाऊले मात्र नाद व्हता.

विद्याताई: नाद म्हणजे काय काका, व्रतच होतं ते! दर तीन हजार किलोमीटरला. जिनिंगचा सीझन असला की त्याच्याही आधी, कारण कापसाची धूळ. रविवारी सकाळी आधी गाडी स्टेशनपर्यंत फिरवून आणायचे, कारण गरम ऑइल पूर्ण उतरतं. मग ओट्याशेजारच्या उतारावर लावून खाली गोणपाट टाकून आत सरकायचे. बाहेर फक्त पाय. ‘विद्ये, परात!’ अशी हाक आली की मी परात आत ढकलायची. नट सुटला की काळी धार पडायची आणि परातीत आधी खणखणीत, मग हळूहळू बद्द आवाज यायचा. नटाचा तांब्याचा वॉशर माझ्या हातात द्यायचे. तो हरवला तर आपली काही खैर नाही, एवढं कळायचं.

विद्याताई: आणि बोट! डिपस्टिकवरचा, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवरचा थेंब अंगठा आणि तर्जनीत घेऊन चोळायचे, नाकाशी न्यायचे. आई म्हणायची, भाजीचं मीठ इतक्या मन लावून कधी बघितलं नाही.

किरण: ताई, कॅस्ट्रॉल नाव कशावरून पडलं माहितीये का? कॅस्टर, म्हणजे एरंडेल. वेकफिल्ड नावाच्या इंग्रजाच्या कंपनीने १९०९ साली ऑइलमध्ये एरंडेल घालून हे काढलं.

सुभाषकाका: मंग ते आपला एरंडोलनंच झायं की!

संजयदादा: काका, सर्वोवरून आठवलं. तुमच्या जीपमध्ये आठ दिवसांत ऑइल काळंकुट्ट व्हायचं आणि अण्णा म्हणायचे, सुभाषला फसवलं कोणीतरी.

सई: ते बरोबर नव्हतं बाबा. डिझेलची काजळी ऑइल स्वतःत धरून ठेवतं म्हणून ते लवकर काळं होतं. काळं झालं म्हणजे काम करतंय.

सुभाषकाका: शाब्बास पोरी. आज मोठाभाऊ पाह्यजे व्हता.

संजयदादा: पण फसवणुकीचा तो राग उगीच नव्हता. किरण तेव्हा लहान होता. १९९१, मावशीच्या लग्नाला औरंगाबादला निघालो होतो. रात्री चाळीसगावच्या पुढे ऑइल कमी दिसलं आणि रस्त्याकडेच्या एका दुकानातून अण्णांनी आयुष्यात पहिल्यांदा सुटं ऑइल घेतलं. पिंपातून, प्लास्टिकच्या मापाने. कन्नडच्या घाटात अर्ध्यावर खालून ठकठक सुरू झाली आणि ऑइलचा लाल दिवा लागला. अण्णांनी गाडी तिथेच बंद केली. एक शब्द बोलले नाहीत. आई नवी पैठणी नेसून दगडावर बसली होती आणि बाजूने केळीचे ट्रक घरघरत चढत होते. शेवटी एका ट्रकवाल्यानेच आम्हाला वर ओढून नेलं. बेअरिंग गेले होते. मिस्त्रीने त्यातलं ऑइल बोटावर घेतलं आणि म्हणाला, हे जळकंच आहे, गाळून विकलेलं.

संजयदादा: तेव्हापासून रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडल्याशिवाय तो घराबाहेर जायचा नाही. का, तर कोणी त्यात पुन्हा भरून विकू नये.

किरण: आणि म्हणून आपल्याकडे मोगरा, तुळस, गवती चहा, सगळं ऑइलच्या डब्यात! भोकं आयतीच होती.

विद्याताई: जळकं ऑइल मात्र परसात जायचं. दाराच्या चौकटींना, वाळवी लागू नये म्हणून, नाहीतर बैलगाडीच्या चाकांना वंगण म्हणून.

सई: आता तसं नका करू हं. २०१६ च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय. गॅरेजवाल्याकडेच द्यायचं, तो ते नोंदणीकृत रिसायकलरकडे पाठवतो.

संजयदादा: बरं, मुद्द्याचं. फियाट विकून १९९६ ला मारुती ८०० आली. अण्णांनी तिच्यातही हेच २०-५० ओतलं. म्हणे जळगावचा मे महिना ४५ अंशांचा, पातळ ऑइलचं पाणी होईल. डिसेंबरात पारा आठ-नऊवर आला की सकाळी इंजिनातले टॅपेट असे वाजायचे की शेजारचे उठायचे. मी कानीकपाळी ओरडत होतो, २०-४० टाका. ऐकतील तर शपथ!

सई: बाहेर ४५ असो की १०, इंजिन तापल्यावर आतलं ऑइल शंभरच्या आसपासच असतं. दुसरा आकडा तिथलाच घट्टपणा सांगतो. आणि पहिल्या आकड्यापुढे डब्यावर डब्ल्यू असतो, तो म्हणजे विंटर, म्हणजे थंडीतला घट्टपणा.

किरण: थांबा थांबा. डब्याखाली वही आहे. शाळेची, रेघांची.

किरण: (फोटो) (फोटो) (फोटो)
प्रत्येक पानावर टिपकागदाचा तुकडा चिकटवलाय आणि त्यावर ऑइलचा एक थेंब. खाली तारीख आणि किलोमीटर. काही थेंब मागच्या पानावरही उमटलेत. १९८४ पासून!

विद्याताई: देवा. मला वाटायचं ते माझे टिपकागद पेनसाठी मागतात.

सई: ही खरी चाचणी आहे. थेंब एकसारखा पसरला तर ठीक, मध्येच काळा गोळा आणि बाहेर फिकट कडं राहिलं तर ऑइल संपलं. हे आजोबांना कोणी शिकवलं?

किरण: जिनिंगच्या इंजिनवाल्याने असेल. दादा, हे पान बघ. ऑक्टोबर १९९८.

किरण: (फोटो)

संजयदादा: वाचता येत नाहीये, टाइप कर.

किरण: ‘मारुती. २०-४० टाकले. टॅपेट गप्प. एक डबा ५० चा उरला, परत घेत नाहीत.’

विद्याताई: हा तोच डबा!!

किरण: पुढची सगळी पानं २०-४० ची आहेत, २०११ ला गाडी विकेपर्यंत.

संजयदादा: १९९८ च्या दिवाळीला आलो होतो मी. जेवताना तासभर लेक्चर ऐकलंय, खानदेशात ५० च लागतं म्हणून. गाडीत तेव्हा ४० होतं?

किरण: दिवाळीनंतर टाकलं असेल रे.

संजयदादा: तारीख बघ.

किरण: तारीख तुझी नाशिकला जायची एसटी होती त्याच दिवसाची आहे. संध्याकाळ, असंही लिहिलंय.

संजयदादा: हा मेसेज हटवला गेला आहे

विद्याताई: दादा, वाचला मी.

सुभाषकाका: डबा फोडू नका. देव्हाराजोडे ठेवा.

किरण: आईने व्हॉइस मेसेज पाठवलाय, उतरवून देतो. ‘डबा ठेवा नाहीतर टाका, मला त्याचं काही नाही. पण विद्ये, ती परात घरची म्हणू नकोस. घरच्या परातीत मी भाकरीचं पीठ मळत होते, तिला हात लावू दिला नव्हता मी. ती तुझ्या सुभाषकाकांकडची. धाकट्या नणंदेच्या लग्नात भरताची वांगी ठेवायला आणली होती, परत द्यायची राहिली.’

सुभाषकाका: वहिनी!! ती परात आमनी? तीस वरीस झायात, आम्ही धुंडी ऱ्हायनूत!