फिनिश धातुसाधितं मराठीच्या ‘-लेला’वरून शिकावीत का?

एस्पोकर
फिनिश शिकताना बहुतेकांची गाडी भूतकालवाचक धातुसाधितांवर, म्हणजे क्रियापदापासून झालेल्या ‘आलेला’, ‘वाचलेलं’ अशा शब्दांवर अडते. मराठी माणसाची अडायला नको, असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे ‘-लेला’ आहे. आलेला माणूस म्हणजे ‘तुल्लुत मिएस’, वाचलेलं पुस्तक म्हणजे ‘लुएत्तु किर्या’. शिवाय हे शब्द दोन्ही भाषांत नामाबरोबर बदलतात. आपण ‘आलेल्या पाहुण्यांना’ म्हणतो, ते ‘तुल्लेइल्ले विएराइल्ले’ म्हणतात. इंग्रजीत यातलं काहीच होत नाही, तरी आपण इंग्रजी पुस्तकं उघडून बसतो. आणि हे प्रकरण टाळता येण्यासारखं नाही. साधं ‘मी बोललो नाही’ म्हणायलासुद्धा ‘एन पुहुनुत’ लागतं, त्यातलं ‘पुहुनुत’ म्हणजे ‘बोललेला’.

नुत_की_त्तु
अजिबात पटलं नाही. तुमच्याच दोन उदाहरणांत रूपं वेगळी आहेत, ते बघा. क्रिया करणाऱ्याला ‘-नुत’ (लुकेनुत, तुमचं ‘तुल्लुत’ही त्यातलंच), जिच्यावर क्रिया झाली त्या वस्तूला ‘-तु’ किंवा ‘-त्तु’ (लुएत्तु). आपल्याला ‘जेवलेला मुलगा’ आणि ‘शिजवलेला भात’ एकाच साच्यातले वाटतात, त्यामुळे हा फरक कानाला लागतच नाही. ‘मी पुस्तक वाचलेलं आहे’ यात आपलं क्रियापद पुस्तकाच्या मागे जातं. त्याच सवयीने मी पहिलं वर्षभर ‘ओलेन लुएत्तु’ म्हणत होते. त्याचा अर्थ होतो, मला कुणीतरी वाचलेलं आहे. हवं होतं ‘ओलेन लुकेनुत किर्यान’. ही चूक मला मराठीनेच शिकवली.

रूपं बनवतानाही मराठीचा उपयोग नाही. ‘लुकेआ’ (वाचणे) मधला क ‘लुएत्तु’त गळतो. ‘आन्ताआ’ (देणे) चं ‘आन्नेत्तु’ होतं, म्हणजे न्तचा न्न आणि शेवटच्या आचा ए. ‘नोउस्ता’ (उठणे) चं ‘नोउस्सुत’, तिथे ‘-नुत’मधला न शेजारच्या स सारखा होतो. हे घोकावंच लागतं.

काल्लिओकर
दोघंही पुस्तकातलं बोलताय. मी सात वर्षं हेलसिंकीत स्वयंपाकघरात काम करतोय. ‘आम्ही बोललोय’ला ‘ओलेम्मे पुहुनेएत’ (‘पुहुनुत’चं अनेकवचन) म्हणणारं माणूस तिथे भेटत नाही. सगळे ‘मे ओल्लान पुहुत्तु’ म्हणतात. मग करणाऱ्याला ‘-नुत’ हा नियम कुठे गेला? ‘पुहुनुत’चा शेवटचा तही बोलताना बहुतेकदा गळतो, ‘पुहुनु’ एवढंच ऐकू येतं. मी तर ही रूपं दारांवर शिकलो. दुकान बंद असलं की ‘सुल्येत्तु’, रेल्वेच्या संडासात कुणी असलं की ‘वारात्तु’. रोज डोळ्यांसमोर आलं की बसतं डोक्यात.

नुत_की_त्तु
नियम कुठेही गेलेला नाही. ‘ओल्लान’ हेच मुळात कर्ता न सांगणारं रूप आहे, म्हणून त्याच्यामागे ‘-त्तु’ येतं. बोलीत ते ‘आम्ही’साठी वापरतात, एवढंच. तुमचं दारावरचं शिकणं मला मनापासून आवडलं, पण दारांवर ‘-नुत’ सापडणार नाही. आणि नागरिकत्वासाठी जी युकी ही भाषेची परीक्षा देतात, तिच्यात लेखनही असतं. तिथे ‘ओलेम्मे पुहुनेएत’ लिहावं लागतं.

एस्पोकर
ताई, करणारा आणि वस्तू यांची गल्लत होते, हे मान्य. ते मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. पण मराठी सोडायला मी तयार नाही. ‘हे माझं वाचलेलं पुस्तक’ घ्या. वाचणारा मी, आणि आपण ‘माझं’ म्हणतो, षष्ठी. फिनिशमध्ये हेच ‘मिनुन लुकेमानि किर्या’. इथे ‘-नुतही’ नाही, ‘-त्तुही’ नाही, तिसरंच ‘-मा’ रूप येतं, पण वाचणारा षष्ठीतच. वर्गात या रूपावर दोन तास गेले. मला ते ‘माझं वाचलेलं’ आठवल्याबरोबर समजलं.

नुत_की_त्तु
हे सुंदर आहे, माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. वहीत लिहून ठेवते. तरी पुढचंच वाक्य करून बघा: आईने भाजलेला पाव. तिकडे ‘आइदिन लेइपोमा लेइपा’, परत षष्ठी. आपल्याकडे ‘आईने’. ‘आईचा भाजलेला पाव’ आपण म्हणत नाही.